शरदातले पक्षी आणि जुनी छायाचित्रे

महोदय,

शरदातल्या स्थलांतरावरील लेखांसोबत जी छायाचित्रे छापली जातात, ती बहुधा विणीच्या हंगामातल्या नरांची असतात. नवखा निरीक्षक तेच रूप डोळ्यांपुढे ठेवून पाणथळीवर जातो आणि समोरच्या भुरक्या बदकांत गोंधळतो. विणीनंतर बहुतेक बदकांचे नर पिसे गाळतात व काही काळ जवळपास मादीसारखे दिसतात. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच मात्र तशीच राहते. त्यामुळे या दिवसांत आधी चोच पाहावी, मग पाय, खाण्याची ढब आणि आवाज. पिसांचा रंग सगळ्यात शेवटी.

तुतवार, टिलवे या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांचे तर वयही पाहावे लागते. प्रौढ पक्षी सहसा आधी निघतात. त्यांची पिसे झिजून कडा विरलेल्या असतात. त्या वर्षीची पिल्ले मागाहून येतात, आणि त्यांच्या पाठीवरच्या पिसांना फिकट, रेखीव किनार असते. हे ठाऊक नसले की एकच जात वहीत दोन नावांनी चढते. (आईबापांविना पिल्ले कुठवर जातात, असे कोणी विचारील. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे जेमतेम पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर न थांबता उडाले, ११ दिवसांत.)

वेळेचेही तसेच. किनाऱ्यावर ओहोटीला जाऊन उपयोग नाही. पक्षी दूर चिखलात पांगलेले असतात. पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. चढते पाणीच त्यांना जवळ आणते. रानपाखरांसाठी निरभ्र, पाठवाऱ्याची रात्र फसवी, कारण थवे वरूनच निघून जातात. रात्री पाऊस किंवा समोरचा वारा आला, तर दुसऱ्या सकाळी झुडपे तपासावीत. शिकारी पक्षी पाहायला पहाटे उठण्याची गरज नाही, जमीन तापून हवा वर चढू लागली की ते दिसतात.

दुर्बीण ८×४२ (आठ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते. १० पटीची हातात जास्त थरथरते आणि तेवढ्याच भिंगातून डोळ्यापर्यंत प्रकाशही कमी पोचवते. पक्ष्याने खाणे थांबवून मान वर केली की तिथेच थांबावे. उडवलेला पक्षी पुढच्या टप्प्यासाठी साठवलेली चरबी फुकट जाळतो.

आपल्याला विनंती एवढीच, की छायाचित्राखाली जातीसोबत महिना छापावा. कळत असल्यास लिंग आणि वयही. फाइलवर तारीख असतेच, वाचकांकडून फोटो मागवताना तीही मागता येईल.

आपला,
एक वाचक