नक्कल पाठ, तरी बोबडी का वळते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि त्यापाठोपाठ रात्रभराची नाटके. वडशाच्या व्यावसायिक संचांतल्या नटांबद्दल आम्हाला काही सांगायचे नाही. हंगामभर रात्रीमागून रात्री उभे राहून ते धीट झालेले असतात. हे पत्र गावच्या हौशी पोरांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांना रंगमंचावर ढकलणाऱ्या आयोजकांसाठी आहे. नट अडखळला की ‘घाबरला पोट्टा’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ती भीती बरीचशी तालमीत आणि मांडवात तयार झालेली असते.

समाजमंदिरात सतरंजीवर बसून, वहीत पाहून पुटपुटणे ही तालीम नव्हे. समोर माणसे असली की मुरलेले काम आणखी चांगले होते आणि कच्चे काम आणखी बिघडते, हे रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्येच मांडले. म्हणजे नक्कल, अर्थात आपल्या भूमिकेची वाक्ये, अर्धवट पाठ असेल तर गर्दी ती उसवणारच. ती पहिल्या दिवसापासून उभ्याने, मोठ्या आवाजात पाठ करावी. आपल्या वाक्याबरोबर समोरच्याचे शेवटचे चार शब्दही घ्यावेत, कारण आपले वाक्य त्या शब्दांना धरूनच आठवते. रोज पहिल्या पानापासून सुरुवात केली की पहिला अंक ठणठणीत आणि तिसरा लंगडा राहतो, म्हणून एक दिवस आड मधूनच कुठून तरी सुरू करावे. एन्ट्रीची पहिली दोन वाक्ये मात्र झोपेतून उठवले तरी म्हणता येतील इतकी घोटावी. धडधड त्याच अर्ध्या-एक मिनिटात सगळ्यात जास्त असते. तेवढे निभावले की बहुतेकांचा श्वास जागेवर येतो. शेवटच्या तीन तालमींना बघे वाढवत न्यावेत: आधी पाच, मग पंचवीस, मग थेट चौकात. त्यातल्या एखाद्या तालमीत कोणी मुद्दाम वाक्य गाळावे, कोणी मध्येच दिवा घालवावा.

आता माइक. याकडे कोणी पाहतच नाही. नवखा नट पहिले वाक्य बोलतो, ते कर्ण्यांतून बाहेर पडते आणि समोरच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत येते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. भिंत 35 मीटरवर असेल तर स्वतःचाच आवाज सुमारे 0.2 सेकंद उशिरा कानावर पडतो, आणि नेमका एवढाच उशीर माणसाची जीभ अडखळवायला पुरेसा असतो. मुरलेला वक्ताही त्यात चाचरतो. पोराला वाटते, आपण घाबरलो. कर्णे भिंतीच्या रोखाने न लावता प्रेक्षकांकडे थोडे खाली झुकवावेत. विंगेत कमी आवाजाचा एक लहान स्पीकर नटाकडे तोंड करून ठेवावा, मात्र वर टांगलेल्या माइकच्या तोंडासमोर तो येऊ नये, नाहीतर शिट्टी वाजते. नटाने परत येणाऱ्या आवाजाकडे कान न देता वाक्य पुरे करावे.

छातीची धडधड, कोरडे तोंड, गार हात, सारखे लघवीला जावेसे वाटणे ही अ‍ॅड्रिनलिनची कामे आहेत, भेकडपणाची नव्हेत. विंगेत तीन मिनिटे असे करावे: नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, आणि चुलीत फुंकणीने हळू फुंकावे तसा सहा-सात मोजेपर्यंत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणे लांबवायचे. भराभर मोठे श्वास घेतले तर उलट चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. ‘घाबरू नको’ या सल्ल्याचा उपयोग नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स यांच्या 2014 मधील प्रयोगात, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे सरस ठरली.

डिसेंबरच्या रात्री उघड्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, निम्मी थरथर थंडीचीच असते. एन्ट्रीपर्यंत अंगावर शाल ठेवावी, वीसेक उठाबशा काढाव्यात. गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल ठेवावेत. पत्र वाचायचा प्रसंग असेल तर कागद पुठ्ठ्यावर चिकटवावा. सुटा कागद हाताची थरथर दहापट करून दाखवतो. कपबशीचेही तेच. जेवण दोन तास आधी, हलके. त्या रात्री सावजी रस्सा नको. तोंड कोरडे पडले तर कोमट पाण्याचा घोट आणि लवंग.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, नको. त्याने नाडी वाढते, आणि गालात तोबरा असताना ‘श’ आणि ‘स’चे काय होते ते मागच्या रांगेतल्यांना विचारावे. ‘धीर यावा म्हणून’ पाजली जाणारी दारू तर थरथर दाबते आणि सोबत वाक्येही पुसते. कोणाच्या तरी खिशातली, धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी डॉक्टरला न विचारता घेऊ नये. दमेकऱ्याला ती महागात पडते.

वाक्य गेलेच तर? प्रॉम्प्टरकडे मान वळवायची नाही. श्वास सोडावा, एक पाऊल टाकावे, समोरच्याकडे पाहावे. तीन सेकंदांची शांतता नटाला युगासारखी वाटते, प्रेक्षकाला तो अभिनय वाटतो. समोरच्या नटाने अशा वेळी कोणता प्रश्न टाकायचा, हे प्रत्येक प्रवेशासाठी तालमीतच ठरवून ठेवावे. प्रॉम्प्टरने पहिले दोन-तीन शब्दच द्यावेत. तो अख्खे वाक्य वाचू लागला की नट ऐकत उभा राहतो. म्हणून शेवटच्या आठ तालमींना तोच प्रॉम्प्टर हवा, प्रयोगाच्या दिवशी वही हातात दिलेला कोणीतरी नव्हे.

आयोजकांना आमचे एकच मागणे आहे. प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी चारपर्यंत मंच उभा करून माइक सुरू करावा आणि हौशी कलाकारांना अर्धा तास तो वापरू द्यावा. सत्काराच्या हारांची आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांची व्यवस्था दुपारीच झालेली असते, माइकवाला मात्र रात्री नऊला तारा जोडत असतो.

आपले,
हौशी नाट्यतालमी घेणारे काही रंगकर्मी,
देसाईगंज (वडसा) परिसर, जि. गडचिरोली