मोफत खेळ, पण ऐकू तरी यावा

महोदय,

नाटकांच्या तारखा नसतील त्या दिवशी नगरपालिकांची सांस्कृतिक भवने मोफत चित्रपटांसाठी खुली करावीत, ही मागणी रास्तच आहे. काही गावांत असे खेळ होतातही. पण मध्यंतरापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि 'लोकांना आता मोबाइलच पुरतो' असे म्हणून आयोजक मोकळे होतात. लोक उठतात ते बहुतेक वेळा संवाद कळत नाहीत म्हणून.

आजच्या चित्रपटाच्या फाइलमध्ये बहुधा ५.१ ध्वनी असतो, म्हणजे सहा वाहिन्या, आवाजाचे सहा वेगळे प्रवाह. संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाहिनीत. लॅपटॉपमधून साउंड मिक्सरला मात्र डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या जातात. प्लेअरचे सेटिंग चुकले की मधली गळते. पार्श्वसंगीत दणदणीत आणि माणसे नुसती ओठ हलवताहेत. मग साउंडवाला आवाज वाढवतो, म्हणजे दणदणाटच वाढवतो. प्लेअरमध्ये स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचा, ट्रॅक निवडावा. तो नसेल तर सहा वाहिन्या दोनांत मिसळणारे स्टिरिओ डाउनमिक्स चालू करावे. बास, म्हणजे खर्जाचा आवाज, उतरवावा, कारण सभागृह घुमते ते मुख्यतः त्यानेच. सतत घूंऽऽ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. थांबले तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स, म्हणजे दोघांतला विजेचा थेट संबंध तोडणारी छोटी पेटी, टाकला की मिटतो. ब्लूटूथच्या वाटेला जाऊ नये, आवाज ओठांच्या मागे रेंगाळतो.

दुसरा हट्ट मोठ्या पडद्याचा. २० फूट रुंद पडदा म्हणजे १६:९ च्या चौकटीत सव्वाअकरा फूट उंची, २२५ चौरस फूट. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर त्यावर कागदोपत्री १३ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचे एकक) उजेड पाडतो. डिजिटल चित्रपटगृहाचे प्रमाण १४ आहे. ऐकायला बरे वाटते, पण जुना दिवा आणि 'सिनेमा' मोड धरला तर हातात निम्मेच उरते. त्यात दाराच्या फटीतला उजेड. तोच प्रोजेक्टर १२ फुटी पडद्यावर लावला तर क्षेत्रफळ ८१ चौरस फूट होते आणि निम्मा उजेडही पुरून उरतो. जुने कृष्णधवल चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीचे असतात. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की ऑपरेटर चित्र ताणतो आणि नायिकेचे गाल फुगतात. त्या पट्ट्या तशाच राहू द्याव्यात.

तिकीट नाही, मग परवानगी कशाला, हा गैरसमज तर सार्वत्रिक आहे. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांच्या बिनतिकीट नाट्य-संगीत प्रयोगांना सवलत आहे. ती चित्रपटाला लागू होत नाही. ओटीटीची वर्गणी घरात बघण्यासाठी असते, सभागृहासाठी नव्हे. हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचे लेखी पत्र घ्यावे आणि त्यात तारीख, स्थळ, खेळांची संख्या व प्रत कोण देणार हे स्पष्ट असावे. चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम' त्यातून केव्हाच सुटला. पण चांगली, दुरुस्त केलेली प्रत ज्यांच्याकडून आणायची त्यांच्या अटी असू शकतात. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि बालचित्र समितीचे चित्रपट हवे असतील तर जुन्या पत्त्यांवर अर्ज करू नयेत. ही कामे २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहेत. फलकावर सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा वर्गही छापावा. 'यूए'मध्ये आता ७, १३ आणि १६ वर्षांवरील अशा तीन पायऱ्या आहेत आणि मोफत खेळाला सगळी आळी पोराबाळांसह येते.

पालिकांनी सभागृह देताना खेळाआधीचे दोन तासही द्यावेत. आज अर्धा तास आधी दार उघडते आणि तो वेळ बॅनर व सत्काराच्या खुर्च्यांत जातो. तालमीत श्रेयनामावली बघून उपयोग नाही. मधला एखादा हळू आवाजातला प्रसंग लावून एकाने शेवटच्या रांगेत बसून ऐकावा. प्रोजेक्टर दिव्याचा (लेझर किंवा एलईडीचा नव्हे) असेल तर त्याला यूपीएस हवाच. वीज गेली की पंखा बंद पडतो, तापलेला दिवा तसाच राहतो आणि लवकर जातो. १ केव्हीएचा यूपीएस जनरेटर सुरू होईपर्यंत प्रोजेक्टर आणि लॅपटॉप सांभाळतो. साउंडचे अॅम्प्लिफायर मात्र त्यावर जोडू नयेत.

– एक वाचक, मिरज