नोटीस घ्या, दार लावून घेऊ नका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो, दिवाणी कोर्टात बेलीफ म्हणून सगळी नोकरी गेली, आता रिटायर होऊन चार वर्षं झाली. बेलीफ म्हणजे काय हे नवीन पोरांना माहीत नसतं म्हणून सांगतो, कोर्टाचं समन्स नाहीतर नोटीस घेऊन लोकांच्या दारात जाणारा माणूस. आम्हाला कुणी चहा पाज म्हटलेलं आठवत नाही, आम्ही गल्लीत शिरलो की पहिल्यांदा टीव्हीचा आवाज बंद व्हायचा, मग दार, आणि मग आतनं बारकं पोरगं येऊन सांगायचं, "पप्पांनी सांगितलंय पप्पा घरात नाहीत." हसू नका, शब्द न शब्द खरा आहे.

तुमच्या पेपरात नाकाबंदीच्या आणि नवराबायकोच्या केसच्या बातम्या येतात पण माणूस त्यात नेमका कुठं मार खातो ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझं म्हणणं एकच आहे, लोक गुन्ह्यानं कमी आणि गैरहजेरीनं जास्त गमावतात, लायसन पण आणि पोरं पण. हे मी बाहेरनं बघत होतो तोवर ठीक होतं, मग माझ्या सख्ख्या भाच्याच्या घरातच तसं झालं.

भाचा मूळचा जत तालुक्यातला, मिरजेत भाड्यानं खोली घेऊन राहतो, स्वतःचा पिकअप आहे कर्जावरचा. द्राक्षाच्या सीझनला तासगावकडनं माल भरायचा, बाकी दिवस हळदीची पोती, बेदाण्याचे बॉक्स, मिळेल ते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका जत्रेचं जेवण करून रात्री येत होता, नाक्यावर मशीनमध्ये फुंकायला लावलं आणि सापडला. कायद्यात मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे, ह्याचं त्याच्या कितीतरी वर होतं. मी त्याची बाजू घेणार नाही, पिकअपमध्ये पाठीमागं दोन हमाल बसले होते, काय झालं असतं सांगता येत नाही. चूक ती चूक.

पण पुढचं ऐका. पोलिसांनी लायसन काढून घेतलं आणि पावती दिली. आता आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की लायसन पोलिसांकडं असलं तरी पावतीवर गाडी चालवता येते. पूर्वी तसंच होतं आणि साध्या प्रकरणात अजून पण तसंच आहे. पण 2019 ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा कलम 206 मध्ये नवीन पोटकलम घातलं, दारू पिऊन चालवणं, धोकादायक चालवणं, जादा वेग, हेल्मेट नसणं अशा काही गुन्ह्यांत पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडं पाठवतात आणि त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, लायसन हातात परत येईपर्यंत. भाचा बहाद्दर तीन आठवडे पावती खिशात घालून पिकअप पळवत होता, वर मला सांगतोय, "मामा, टेन्शन नाही, पावती हाय की." मी स्वतः कोर्टात आयुष्य काढलेला माणूस, मला पण हे ठाऊक नव्हतं, ओळखीच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा घाम फुटला. ह्या काळात कुणाला ठोकलं असतं तर इन्शुरन्स कंपनीनं समोरच्याला पैसे दिले असते आणि नंतर गाडीमालक म्हणून ह्याच्याकडनंच वसूल करायला बघितलं असतं, शेत विकायची पाळी आली असती.

मग आरटीओचं. लायसन निलंबित करायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि कारण लेखी द्यावं लागतं, कलम 19 तसंच सांगतं. त्यासाठी नोटीस येते. ती आली कुठं, तर जत तालुक्यातल्या गावी, कारण लायसनवर पत्ता गावचा. गावात माझी म्हातारी बहीण एकटी, पोस्टमनला म्हणाली पोरगं इथं राहत नाही, परत न्या. तिला वाटलं पोराला वाचवलं. नोटीस परत गेली, ऐकून घ्यायचा दिवस निघून गेला आणि 3 महिन्यांचं निलंबन झालं. खरं सांगायचं तर तो हजर राहिला असता तरी बहुतेक तेवढंच झालं असतं, कारण दारूच्या केसमध्ये किमान 3 महिने निलंबित करा असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं 2015 लाच राज्यांना कळवलंय. पण त्या ऑर्डरवर अपील करायला 30 दिवस असतात, ते 30 दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले ह्याचा ह्याला पत्ताच नव्हता. आणि निलंबन झालंय हे माहीत नसताना गाडी चालवत सापडला असता तर तो वेगळा गुन्हा, 3 महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 10,000 रुपये दंड नाहीतर दोन्ही. पत्ता आणि मोबाईल नंबर परिवहनच्या साइटवर बदलून घ्यायला किती वेळ लागतो हो? आपण रिचार्ज चुकवत नाही पण हे वर्षानुवर्षं तसंच ठेवतो.

त्यानंतर कोर्टाचं. एक एजंट भेटला, म्हणाला जाऊन कबूल कर, 10,000 भर आणि मोकळा हो, सगळे असंच करतात. दारूची केस रस्त्यावर दंड भरून मिटत नाही, दंड भरून मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत दारूचं कलम 185 नाहीच, कोर्टातच जावं लागतं. आणि एजंटनं जे सांगितलं नाही ते असं की 185 मध्ये दोषी ठरलं की कोर्टानंच कमीत कमी 6 महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असं कलम 20 मध्ये लिहिलंय. शिवाय परत कधी सापडला तर ते दुसऱ्यांदा म्हणून धरलं जातं, 2 वर्षांपर्यंत कैद नाहीतर 15,000 दंड नाहीतर दोन्ही. म्हणजे "मोकळा हो" म्हणून गेलेला माणूस बाहेर येतो तो सहा महिने गाडीशिवाय. आम्ही भाच्याला खोटं बोलायला लावलं नाही, कबूलच केलं, पण वकील लावून आणि सगळं समजून घेऊन. आधीच कळलं होतं म्हणून त्यानं पिकअपवर रोजंदारीचा ड्रायव्हर ठेवला, स्वतः माल भरायला आणि पैसे वसूल करायला फिरायला लागला, हप्ता एक पण थकला नाही. हेच शिक्षा झाल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली असती.

आता दुसरी गोष्ट, ती लिहिताना जरा जड जातंय. दारूचं प्रकरण झालं त्याच महिन्यात भाचेसून पोरगीला घेऊन माहेरी गेली, कराडजवळ. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मी तिच्या जागी असतो तर मी पण गेलो असतो. पोरगी सहा वर्षांची. सूनबाईनं कराडच्या कोर्टात पोरगीच्या ताब्यासाठी अर्ज केला, मुलं जिथं राहतात तिथलंच कोर्ट लागतं, नवऱ्याच्या गावचं नाही. नोटीस घेऊन बेलीफ मिरजेत भाच्याच्या दारात आला आणि ह्यानं काय केलं असेल? "माझी पोरगी आहे, मला कसली नोटीस" म्हणून कागद घेतलाच नाही. मामा बेलीफ आणि भाचा असा! बेलीफानं काय लिहिलं असेल ते मला घरात बसून माहीत होतं, "घेण्यास नकार दिला, दारावर चिकटवली". मी आयुष्यात हे वाक्य किती वेळा लिहिलंय त्याची गणती नाही. नकार दिला म्हणजे कोर्टाच्या हिशोबानं नोटीस मिळाली. बेलीफ परत गेला म्हणजे केस परत जात नाही, ती पुढंच जाते, फक्त तुमच्याशिवाय.

तसंच झालं. दोन तारखा झाल्या, ह्याचा पत्ता नाही, केस एकतर्फी चालवायचा हुकूम झाला आणि तात्पुरता ताबा आईकडं, बापाला भेटीबद्दल एक ओळ पण नाही, कारण मागायलाच कुणी नव्हतं. अर्जाला दारूच्या केसचा कागद जोडला होता आणि ह्यानं रागाच्या भरात रात्री पाठवलेले व्हॉट्सअॅपचे व्हॉइस मेसेज शब्द न शब्द टाइप करून जोडले होते. मी ते वाचले. बहिणीच्या पोराच्या तोंडात ते शब्द बघून माझीच मान खाली गेली.

भाच्याचा पहिला विचार काय तर शाळेत जाऊन पोरगीला घेऊन यायचं. मी म्हटलं तसं केलंस तर माझ्या दारात परत पाय ठेवू नको. हुकूम असताना असं पोर उचलून आणलं की मग कुठलाही वकील तुमचं भलं करू शकत नाही. आम्ही सरळ अर्ज केला, उशिरा का होईना हजर होतोय, का आलो नाही त्याचं कारण हे, चूक झाली, एकतर्फीचा हुकूम रद्द करा. मूळ केसचा निकाल लागला नव्हता म्हणून ते सोपं गेलं. निकाल लागून गेला असता तर 30 दिवसांत सबळ कारण दाखवावं लागलं असतं, आणि स्वतः नोटीस नाकारलेल्या माणसाकडं कसलं सबळ कारण असणार.

कोर्टात एक गोष्ट मला नव्यानं नीट कळली. आपल्या लोकांना वाटतं ताबा म्हणजे सातबारा, नाव लागलं की माझं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात स्पष्ट आहे की सगळ्यात आधी मुलाचं हित बघायचं, बापाचा नाहीतर आईचा हक्क त्याच्या मागनं. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईकडं. पण ताबा एकाकडं असला तरी दुसऱ्याला भेटायला मिळू शकतं, फोनवर बोलायला पण, फक्त ते कुणी घरी आणून देत नाही, मागावं लागतं. न्यायाधीशांनी पोरगीला आत बोलावून विचारलं, तेव्हा ती म्हणाली म्हणे की पप्पा चांगले आहेत पण फोनवर ओरडतात. भाचा त्या दिवशी स्टँडवर बसून रडला.

महिन्यातनं दोन रविवार भेट मिळाली, सकाळी 11 ते 5, आणि संध्याकाळी एक व्हिडिओ कॉल. आता गंमत बघा, लायसन नाही. ह्याला वाटलं मित्राची मोटारसायकल घेऊन जातो, कोण बघतंय. मी म्हटलं, अरे बाबा, अपात्र असताना पोरगीला पुढं बसवून गाडी चालवत गेलास आणि कुणी मोबाईलवर फोटो काढला तर पुढच्या तारखेला तो फोटो कोर्टात असेल, आणि त्यांनी का काढू नये? मग सहा महिने एसटीनं गेला, आष्टा, इस्लामपूर करत. कराडला नदीकाठच्या प्रीतिसंगमावर बसायचे दोघं, भेळ खायचे, पाचला पोचवायचा. प्रत्येक फेरीचं तिकीट लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटात तारखेनं लावून ठेवलं. पोटगी पण हातात कधीच दिली नाही, दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत खात्यावर, म्हणजे नोंद राहते. मध्ये एक रविवार त्यांनी पोरगीला ताप आहे म्हणून भेटू दिलं नाही तर हा म्हणाला मग पोटगी पण नाही. असं करायचं नसतं, भेट वेगळी आणि पोटगी वेगळी, एकाची अडवणूक म्हणून दुसरं थांबवलं की आपणच गोत्यात. वकिलांनी ते पाकीट कोर्टात दाखवलं तेव्हा समोरच्या बाजूचे वकील पण काही बोलले नाहीत, आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस पोरगी मिरजेला आली.

पैसे नाहीत म्हणून वकील लावत नाही असं म्हणणारे बरेच भेटतात. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं फुकट वकील मिळतो, बायकांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, पुरुषांना बऱ्याचदा आहे. 15100 वर फोन केला तरी माहिती देतात. सूनबाईला पण तिथनंच वकील मिळाला होता, ते आम्हाला नंतर कळलं.

तर संपादक साहेब, तुमच्या पेपरातनं माझी सरकारला एवढीच मागणी पोचवा. लायसन जप्त केल्यावर जी पावती देतात तिच्यावर मोठ्या अक्षरात मराठीत छापा की ह्या पावतीवर गाडी चालवता येणार नाही. आरटीओच्या नोटिशीबरोबर मोबाईलवर मराठीत मेसेज पाठवा, चलनाचा मेसेज येतो तसा. आणि कोर्टाच्या नोटिशीत जे "आपण हजर न राहिल्यास आपले गैरहजेरीत एकतर्फी निर्णय करण्यात येईल" असं बारीक अक्षरात खाली असतं ते वर घ्या, मोठं करा आणि माणसाला समजेल असं लिहा. मी हजारो नोटिसा वाटल्या, त्यातलं ते वाक्य वाचणारा माणूस मला दारात उभं असताना क्वचितच दिसला.

भाच्याला लायसन गेल्या महिन्यात परत मिळालं. कराडला मात्र अजून एसटीनंच जातो, म्हणतो पोरगीला खिडकी आवडते.

आपला,
एक निवृत्त बेलीफ, विश्रामबाग, सांगली