पैसा एकत्र, नियम मात्र ज्याचे त्याचे

महोदय,

जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय विकास बँकांनी एकमेकींच्या प्रकल्पांत पैसे घालावेत, असा आग्रह धरणारा लेख आपल्या अंकात वाचला. आग्रह रास्त आहे. पण सगळा भर किती अब्ज डॉलर उभे राहतील यावरच. ते खर्च करणाऱ्या कार्यालयात काय चालतं, याबद्दल एक ओळही नाही. परदेशी कर्जांवरच्या प्रकल्पांचे हिशेब तपासण्यात माझी सारी नोकरी गेली, म्हणून हे पत्र.

'संयुक्त' प्रकल्पात एकच बिल दोन-तीन संस्थांमध्ये ठरलेल्या टक्केवारीने वाटलं जातं. ऐकायला सोपं. पण पाइपांच्या बिलावरचा कर एक संस्था मान्य करते, दुसरी म्हणते तो सरकारने भरावा. मग टक्केवारी काढायची कशावर, करासह रकमेवर की कर वगळून? एकीला विनिमयदर कर्जखात्यातून पैसे काढल्या दिवसाचा हवा, दुसरीला ठेकेदाराला दिल्या दिवसाचा. या फरकातून उरलेली किरकोळ रक्कम कुणाच्या नावे दाखवायची, यावर महिनोन्‌महिने चाललेला पत्रव्यवहार मी पाहिला आहे. (त्या पत्रव्यवहाराचा खर्च रकमेहून जास्त झाला असणार, पण तो कोण काढतो?) कामं आधीच वाटून घेतली, वीजघर एकीचं आणि वाहिन्या दुसरीच्या, तर ही कटकट टळते. तिथे दुखणं निराळं. एकीची निविदा रखडली की दुसरीचं पूर्ण झालेलं काम नुसतं उभं राहतं.

गाऱ्हाणं जुनंच आहे. २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात मदत देणाऱ्या देशांनी व संस्थांनी आपापल्या कार्यपद्धती जुळवून घेण्याचं आणि शक्य तिथे घेणाऱ्या देशाचीच हिशेबाची व खरेदीची व्यवस्था वापरण्याचं कबूल केलं. त्याच वर्षी एकट्या व्हिएतनाममध्ये या देणाऱ्यांची ७९१ पाहणी पथकं येऊन गेली. सुट्ट्या धरूनही रोज दोनाहून जास्त! टांझानियाने तर अर्थसंकल्पाच्या दिवसांत पथकं पाठवूच नका, असं देणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. २०१० ची मुदत सरली तेव्हा जाहीरनाम्याच्या १३ उद्दिष्टांपैकी जागतिक पातळीवर एकच गाठलं गेलं होतं.

जमतच नाही असं मात्र नाही. फ्रान्सची विकास संस्था, जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू आणि युरोपीय गुंतवणूक बँक यांनी आपसात ठरवलं की एकीने पुढाकार घ्यायचा आणि तिची छाननी बाकीच्या दोघींनी मानायची. पाकिस्तानातल्या शोरकोट–खानेवाल महामार्गासाठी २०१६ मध्ये आशियाई विकास बँक आणि तेव्हा नवीच असलेली एआयआयबी (आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक) यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलर दिले. कारभार पाहायचा होता आशियाई बँकेने. सहकार्य म्हणतात ते हे.

अशा एकीचा धोकाही लेखात यायला हवा होता. बांगलादेशातल्या पद्मा नदीवरच्या पुलासाठी जागतिक बँकेसोबत आणखी तीन संस्था कर्ज देणार होत्या. भ्रष्टाचाराच्या आरोपावरून २०१२ मध्ये जागतिक बँकेने आपलं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केलं आणि पाठोपाठ आशियाई विकास बँकेनेही अंग काढून घेतलं. बांगलादेशने पूल स्वतःच्या पैशाने बांधला. तो खुला व्हायला २०२२ उजाडलं. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण चार सावकार एकाच दोरीला बांधले की एकाच्या निर्णयाने सगळा डोलारा कोसळतो. हा धोका करार करतानाच का विचारात घेतला जात नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

एप्रिल २०२४ मध्ये दहा बहुपक्षीय (अनेक देशांच्या मालकीच्या) बँकांनी सहवित्तपुरवठ्यासाठी, म्हणजे एकाच प्रकल्पात मिळून पैसे घालण्यासाठी, सामाईक मंच सुरू केला. कुठल्या प्रकल्पात भागीदार हवा आहे, ते त्यावर एकमेकींना कळवता येतं. त्याबद्दल आपण पुन्हा लिहाल तेव्हा रकमेखेरीज तीन गोष्टी विचाराव्यात: निविदा कुणाच्या नियमाने निघणार, लेखापरीक्षण एकदा होणार की प्रत्येकीचं वेगळं, आणि एकीने हात आखडला तर बाकीच्या किती महिने थांबायला बांधील आहेत.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक