फोन आमचा, मग कुलूप कंपनीचं कशाला?

मा. संपादक साहेब,

ई-पीक पाहणी सुरू झाली की आमच्याकडं दरवर्षी एकच बोंब, अ‍ॅप चालत नाही. वावरात पराटीसमोर उभं राहून फोटो काढायचा असते, लोकेशन लागते, अन् माझ्या फोनवर प्ले स्टोअर म्हणते हे अ‍ॅप तुमच्या फोनला चालणार नाही. फोनला काही म्हणजे काही झालेलं नाही, बॅटरी दिवसभर पुरते, कॅमेरा चांगला आहे, फक्त कंपनीनं अपडेट देणं बंद केलं. मग कास्तकारानं एकतर धुऱ्याशेजारच्याचा फोन मागावा नाहीतर सोयाबीन विकून नवा घ्यावा.

तालुक्याला मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा आहे, हुशार आहे, तो म्हणाला काका यात लिनिएजओएस टाकता आलं असतं, फुकट आहे, जुन्या फोनवर नवं अँड्रॉइड चालते त्यानं, पण या कंपनीनं बूटलोडर, म्हणजे फोन चालू करताना आतलं अँड्रॉइड सुरू करणारा भाग, लॉक करून ठेवला अन् खोलायचा कोड देत नाही. म्हणजे पैसे मी मोजले, बिल माझ्या नावाचं, अन् आत काय चालवायचं ते कंपनी ठरवणार! बरं ते अँड्रॉइड तरी पूर्ण कंपनीच्या घरचं आहे का, ते लिनक्स नावाच्या फुकट, खुल्या प्रणालीवर उभं आहे अन् त्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

कॉम्प्युटरचं पाहा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी जुन्या मशीनवर लिनक्स टाकून काम चालू ठेवता येते, कोणाची परवानगी लागत नाही. मग फोनलाच वेगळा न्याय का?

कंपन्या सुरक्षेचं कारण सांगतात. पण बूटलोडर खोलताना सहसा फोनमधला सगळा डेटा पुसल्या जाते, चोराच्या हाती काही लागत नाही, अन् वर्षानुवर्षं अपडेट नसलेला फोन वापरणं काय कमी धोक्याचं आहे?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअर, म्हणजे आपली वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाईल आहे, शेतीची अवजारंही आहेत, पुढं पोर्टलही आलं. पण नुसती स्क्रीन-बॅटरी बदलून भागत नाही, सॉफ्टवेअर बदलायचा हक्कही कायद्यात पाहिजे. अपडेट ज्या दिवशी बंद, त्या दिवशी कंपनीनं अनलॉक कोड फुकट द्यावा अन् अपडेट किती वर्षं मिळणार ते डब्यावर मराठीत छापावं. आमच्या खासदारांनी हे संसदेत विचारावं.

एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ