थोरलीबद्दल

प्रिय आई-बाबा,

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "संध्याकाळची प्रार्थना होते ना रे घरात?" मी नुसतं "हो" म्हणालो आणि विषय बदलला. तुझा रोख थोरलीकडे होता, ते कळलं होतं. पण फोन स्पीकरवर होता आणि ती समोरच बसली होती. म्हणून हे पत्र.

प्रार्थना होते. आम्ही दोघं आणि धाकटा बसतो. सध्या 119वं स्तोत्र चालू आहे. 176 वचनं म्हटल्यावर धाकट्याचा चेहराच पडला होता. मग त्याला त्यातली गंमत सांगितली: हिब्रू मुळाक्षरं 22, प्रत्येक अक्षराची आठ वचनं, आणि ती आठही त्याच अक्षराने सुरू होतात. तेव्हापासून रोज एक अक्षर. डोळे मिटायला लागले की तो 117वं मागतो. ते दोनच वचनांचं आहे, हा शोध त्याचा त्यानेच लावलाय. मी चालवून घेतो.

थोरली मात्र बसत नाही. "मला पटेल तेव्हा बसेन," एवढंच म्हणाली, उद्धटपणे नाही. मी जबरदस्ती केली नाही आणि करणारही नाही. बाबा, तुम्हाला हा ढिलेपणा वाटेल. पण लक्ष्मीबाई टिळक आठवा. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधल्या काळात त्यांनी काय काय सोसलं, ते तुम्हीच आम्हाला वाचून दाखवायचात. टिळक 1919 मध्ये गेले आणि त्यांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य पुढे नेलं ते याच बाईंनी! थोरलीने त्यांचं आत्मचरित्र परवा कपाटातून आपणहून काढलं. रात्री एकटीच खुदुखुदू हसत असते.

दुसरा नाद बुकबाइंडिंगचा. बाबा, तुमचं जुनं पवित्र शास्त्र, स्तोत्रसंहितेपाशी उसवलेलं, तिनेच मागून घेतलं. जुना सरस ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू खरवडला, जुजा, म्हणजे एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे, सुट्या केल्या, फाटलेल्या घड्यांना पातळ कागद लावला. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेते, म्हणजे शिवताना गुंतत नाही. कडा कापून सारख्या कर म्हटलं, तर माझ्यावरच डाफरली, "आजोबांची पेन्सिल जाईल ना!" समासात तुम्ही इतकं लिहून ठेवलंय, हे मला ठाऊकच नव्हतं. बरंचसं अक्षर लागतही नाही.

मी तिला पवित्र शास्त्रातल्या बसालेल या कारागिराबद्दल सांगितलं. निर्गमच्या 31व्या अध्यायात देव त्याला आपल्या आत्म्याने भरतो, ते काही प्रवचनं करायला नाही; सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड यांची कारागिरी करायला. ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मग ठीकच चाललंय माझं." आई, यावरून लगेच उड्या मारू नकोस. तिला सुई-दोरा आवडतो, सध्या एवढंच धर. तू तिच्यासाठी प्रार्थना करतेस ती करतच राहा, फक्त तिला फोनवर विचारू नकोस.

बाबा, शिवण झाली, आता पुठ्ठा चढवायचा आहे. कापड काळं लावायचं की तपकिरी? आणि रूथच्या पुस्तकाजवळ तुम्ही एक तारीख लिहून दोनदा खोडली आहे, ती कसली, असं ती विचारतेय. फोन तिलाच करा.

तुमचा,
बाळ