शेवटचे दोनशे मैल

ओपुआ, न्यूझीलंड

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

ती. आईंना साष्टांग नमस्कार आणि दादा-वहिनींना नमस्कार सांग. पत्र गिरगावात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, कारण शेवटचा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

तू फिजीहून ज्या बोटीवर चढणार आहेस ती चाळीस फुटी आहे, म्हणजे दिवसाला १३० ते १४० सागरी मैल धर. ओपुआपर्यंत साधारण ११०० मैल, म्हणजे आठ ते दहा दिवस. टास्मान समुद्रातून दर आठवड्याला एखादा कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकतो. आधी वायव्येचा वारा चढत जातो आणि पट्टा डोक्यावरून गेला की नैऋत्येला पलटतो. तुमचा कप्तान ते बघूनच निघेल. आमचं सांगणं त्यापुढचं आहे. आमच्या मते खुल्या समुद्रापेक्षा किनारा दिसल्यावर जास्त बोटी अडचणीत येतात, कारण तोवर सगळे थकलेले असतात आणि जमीन समोर दिसली की धीर सुटतो.

अनोळखी बंदरात रात्री शिरायचं नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते जमवावं लागतं दोनशे मैल आधी. समज, सकाळी १० वाजता २०० मैल उरलेत आणि बोट साडेपाच नॉटनं (ताशी साडेपाच सागरी मैल) चालली आहे. ३६ तास लागतील, म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री १० वाजता तुम्ही केप ब्रेट या खाडीच्या तोंडावरच्या भूशिरापाशी असाल. त्याऐवजी दोनशे मैल असतानाच मेनला (मोठ्या शिडाला) दुसरा रीफ घेऊन, म्हणजे ते दुमडून लहान करून, आणि जिब (पुढचं शीड) गुंडाळून वेग ४.२ नॉटवर आणलात तर ४८ तास लागतील आणि तिसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता लख्ख उजेडात तिथं पोचाल. वीस मैलांवर येऊन हाच विचार केलात तर हातात काही उरत नाही. मात्र शिडं फार कमी करू नका. वाऱ्याचा आधार सुटला की लाटांत बोट जोरात हेलकावते आणि कुणालाच झोप लागत नाही.

थांबावंच लागलं तर हीव्ह टू करून, म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून, थांबा: जिब वाऱ्याकडे ताणलेली, मेन रीफ केलेली आणि टिलर (सुकाणू वळवायची दांडी) आडोशाच्या, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला बांधलेला. बोट शांत होते, पण जागच्या जागी राहत नाही. ताशी एक-दीड मैल वाऱ्यासोबत घसरते. दहा तासांत पंधरा मैल! वारा किनाऱ्याकडे असेल तर निदान तीस मैल बाहेर थांबायला हवं. थांबलेल्या बोटीवरही पहारा लागतो. एकट्यानं समुद्र पार करणाऱ्याला पहाऱ्यावर बदली मिळत नाही. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून निघाले आणि याच देशाच्या लिटल्टन बंदरात आले, ते एकटेच होते. तुम्ही चौघं आहात. शेवटच्या रात्री दोघं जागे, दोघं झोपलेले, असं कडक पाळा.

आदल्या दिवशी उजेडी इंजिन तासभर चालवा. हे अजिबात टाळू नका. आठ-दहा दिवसांच्या हेलकाव्यांनी डिझेलच्या टाकीतला तळाचा गाळ ढवळून वर येतो, फिल्टरमध्ये बसतो आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी बंद पडतं. फिल्टरच्या काचेच्या वाटीत बघ: डिझेल स्वच्छ दिसायला हवं. तळाशी पाण्याचा थर किंवा काळसर चिखल दिसला तर तो काढून टाका, फिल्टर बदला, हवा काढा. एक्झॉस्टमधून पाणी फेकलं जातंय ना, तेही बघा. नसेल तर बहुधा पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चक्र, इंपेलर, गेलं आहे. खुल्या समुद्रात ते सावकाश बदलता येतं.

मग नांगर. लांबच्या वाटेवर तो करकचून बांधलेला असतो, बऱ्याचदा साखळी सोडवून तिच्या भोकात कापड कोंबलेलं असतं. ते सगळं पूर्ववत करा, म्हणजे इंजिन दगा देईल तेव्हा नांगर एका झटक्यात टाकता येईल.

आत शिरताना वाट दाखवणारी लाल खूण डावीकडे, आपल्या मुंबईसारखीच. अमेरिकेत ती उजवीकडे असते, इथे नाही. तपासणी बाकी असल्याचं सांगणारा पिवळा क्यू झेंडा डोलकाठीच्या उजव्या स्प्रेडरखाली (आडव्या दांडीखाली) चढवा. यजमान देशाचा झेंडा परवानगी मिळाल्यावर. रसेल आणि पाहिया ही गावं मागे टाकून वरती ओपुआ लागतं. तिथं गाड्यांची फेरी ओकियाटोला सतत ये-जा करते, तिच्या वाटेत येऊ नका. भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर आहे. मुंबईतल्या उधाणाची सवय असलेल्याला तो किरकोळ वाटेल, पण ओढ चांगली जाणवते.

धक्क्याला लागताना उडी मारायची नाही. दहा दिवसांनी पाय जमिनीचा अंदाज चुकवतात आणि घोटा तिथंच मुरगळतो. बोटीच्या मधल्या क्लीटचा (दोर बांधायच्या खुंटीचा) दोर हातात घे, श्राउड्सना, म्हणजे डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारांना, धरून उभा राहा, बोट टेकली की पाऊल टाकून उतर आणि दोर धक्क्यावरच्या थोड्या मागच्या क्लीटला घाल. कप्तान इंजिन मंद पुढे ठेवेल, सुकाणू धक्क्यापासून बाहेर वळवेल आणि त्या एकाच दोरावर बोट धक्क्याला चिकटून राहील. बाकीचे दोर मग निवांत बांधा. विलगीकरणाच्या धक्क्यावर दोर धरायला कुणी येईल असं धरू नका. अधिकारी येईपर्यंत तिथून पुढे जायचं नाही.

कागदांचं काम फिजीतच होतं. इथल्या कस्टम्सना आगमनाची सूचना पोचण्याआधी किमान ४८ तास मिळायला हवी, म्हणून निघण्यापूर्वीच ईमेल करतात आणि वेळ बदलली तर कळवतात. फिजी सोडल्याचा परवाना जपून ठेवा. तुझा भारतीय पासपोर्ट आहे, त्यामुळे व्हिसा मुंबईतूनच घे. बोटीनं आलास तरी तो लागतो.

बोटीच्या तळाचा नियम मे २०१८ पासून सक्तीचा आहे. तीन आठवडे किंवा त्याहून जास्त राहणाऱ्या बोटीच्या बुडाला फक्त बुळबुळीत शेवाळाचा थर आणि गूज बार्नेकल (देठावर चिकटणारे शिंपल्यासारखे जीव) चालतात. पोचण्याआधीच्या ३० दिवसांत बोट वर काढून साफ केली असेल तर पावती आणि फोटो दाखवा. सुकाणूचा दांडा, पंखा आणि कीलचा (बोटीखालच्या जड कण्याचा) तळ हे कोपरे नेमके राहून जातात, तिथले फोटो मुद्दाम काढा.

वहिनी, आता तुमच्यासाठी. ओंकारच्या पिशवीत मध घालू नका, तो हमखास काढून घेतात. ताजी फळं, भाज्या, अंडी, मांस आणि मोड येणारी कडधान्यंही जातात, म्हणून मूग-मटकी वाटेतच संपवायला हवी. तूप, लोणचं, सुकी मासळी जे काही असेल ते आपणहून दाखवायचं. ठेवायचं की न्यायचं ते अधिकारी ठरवतात. लपवलेलं सापडलं तर मात्र दंड होतो. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सालं आणि खरकटं किनारा १२ मैलांहून दूर असेपर्यंतच समुद्रात टाकता येतं, प्लास्टिक कुठेच नाही.

दादा, नोव्हेंबरात इथली घड्याळं मुंबईच्या साडेसात तास पुढे असतात. सकाळी ९ वाजता ते धक्क्याला लागले तर तुमच्याकडे मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असेल, आणि तपासणी संपेपर्यंत फोन येईलच असं नाही. वेग मुद्दाम कमी केला तर एक दिवस सहज वाढतो, त्यामुळे ठरल्या दिवशी निरोप आला नाही म्हणून आईंना जागवू नका. बोटीचं नाव, रेडिओची खूण, माणसांची संख्या आणि ईपर्बची (संकटात उपग्रहाला संदेश देणाऱ्या यंत्राची) नोंदणी कुठल्या देशात आहे, हे एका कागदावर लिहून फोनपाशी ठेवा. किती तास वाट बघून न्यूझीलंडच्या बचाव केंद्राला कळवायचं, ते ओंकार निघण्यापूर्वी कप्तानाशी बोलून ठरवा आणि तो आकडाही त्याच कागदावर लिहा.

तुझे,
काका-काकू